जैसलमेरची अभ्याससहल: विद्यार्थी आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी महाराष्ट्रातून जैसलमेरला जाते. निघायच्या आधी महिनाभर तेच प्रश्न फोनवर, वर्गात आणि जिन्यात भेटतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, पण ती गाडीत बसण्यापूर्वी वाचलीत तर तिथले दोन दिवस वाचतील.

जैसलमेरच का? जयपूर, उदयपूर जवळ पडलं असतं.

जयपूरला राजवाडे बघून होतात. जैसलमेरला राहती घरं बघता येतात, आणि तीही चालत. भाटी राजपूत रावळ जैसल याने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर किल्ला बांधला. आज जवळपास नऊशे वर्षांनंतरही त्या किल्ल्यात काही हजार माणसं राहतात. सकाळी दूधवाला येतो, मुलं शाळेत जातात, गच्चीवर पापड वाळतात. आपल्याकडे रायगडावर जोती उरली आहेत आणि घरं कशी असतील ते मनाने उभं करावं लागतं. इथे ते करावं लागत नाही.

दुसरं कारण व्यापाराचं आहे, आणि त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. सिंध आणि त्यापलीकडच्या प्रदेशाकडे जाणारे उंटांचे तांडे इथून जात. त्यांच्या जकातीवर आणि सावकारीवर या हवेल्या उभ्या राहिल्या. मग इंग्रजांच्या काळात मुंबई बंदर वाढलं, माल समुद्राने जाऊ लागला आणि तांड्यांची वाट सुनी पडली. १९४७ ला सीमा आखली गेली तेव्हा उरलासुरला रस्ताही बंद झाला. आपली मुंबई भरली तसं हे शहर रितं होत गेलं. पैसा नव्हता म्हणून जुनं पाडून नवं बांधणंही फारसं झालं नाही. आपण जे मोजायला जातो ते त्यामुळे शिल्लक आहे.

कोणत्या महिन्यात जायचं?

नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. दिवाळीच्या सुट्टीत मुळीच नको. तेव्हा किल्ल्याच्या गल्ल्यांत टेप पसरायलाही जागा मिळत नाही. माघी पौर्णिमेच्या सुमाराला मरुमहोत्सव असतो, त्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत.

खरं सांगायचं तर ही घरं कळतात मे महिन्यात, बाहेर पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना. पण चाळीस मुलांची जबाबदारी घेऊन मी तेव्हा जाणार नाही. फेब्रुवारीचा शेवट हा मला जमलेला मध्यममार्ग आहे. दुपार तापते, पहाटे स्वेटर लागतो आणि एकाच दिवसात भिंतीचं काम हाताला कळतं.

प्रवास कसा?

रेल्वेने. मुंबईहून जोधपूर, आणि तिथून पुढे रेल्वे किंवा बस. बसने पाच-सहा तास लागतात. जोधपूर सोडल्यावर खिडकीजवळ बसा आणि झोपू नका. झाडं खुजी होतात, मग विरळ होतात, घरांची छपरं सपाट होतात आणि पोखरणनंतर दगड पिवळा होतो. ही पहिली तासिका समजा. वहीत वेळ आणि काय बदललं एवढं टिपलं तरी पुरे.

किल्ल्यात राहायचं की खाली गावात?

खाली गावात. यावर दरवर्षी नाराजी होते, कारण किल्ल्यातल्या झरोक्यात बसून काढलेले फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. पण यात तडजोड नाही.

ही टेकडी एकसंध कातळाची नाही. वालुकाश्म आणि चिकणमातीसारखे मऊ थर एकावर एक रचलेले आहेत. वरच्या घरांना पूर्वी घड्याने पाणी जायचं. जेवढं डोक्यावर चढवाल तेवढंच वापराल, आणि त्यातलंही बरंचसं उन्हात उडून जायचं. मग नळ आले, संडास-बाथरूम आले, हॉटेलं आली. पाणी वर चढवण्याची सोय झाली, पण तेवढं पाणी खाली उतरवण्याची सोय त्या मानाने झाली नाही. गळक्या नळ्यांतून आणि गटारांतून ते टेकडीच्या पोटात मुरतं, मऊ थर निसरडे होतात आणि वरचा तट पोट काढतो. किल्ल्याला ९९ बुरूज. त्यातले बहुतेक १६३३ ते १६४७ च्या दरम्यान बांधले किंवा नव्याने उभारले गेले. त्यांतले काही आपल्या काळात ढासळले. ऑगस्ट २०२४ मध्ये मोठ्या पावसात तटाचा एक भाग खाली आला. धोक्यातल्या वास्तूंच्या जागतिक यादीत हा किल्ला १९९६ मध्येच गेला होता. २०१३ मध्ये राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारशात आला.

आपण चाळीसजण तिथे चार दिवस अंघोळी करणार, तर ते पाणी कुठे जाईल याचा विचार वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी करायचा नाही तर कोणी करायचा? मात्र किल्ल्यातल्या लोकांचं पोट पाहुण्यांवर आहे हेही तितकंच खरं. म्हणून राहायचं खाली, पण चहा, जेवण आणि खरेदी वर करायची.

वाळवंटात पाण्याने किल्ला पडतो, हे पटत नाही.

तर मग एक सकाळ यासाठीच ठेवली आहे. तटाच्या दोन भिंतींमधून जी वाट जाते तिला तिथे मोरी म्हणतात. आपल्याला हा शब्द ऐकताच न्हाणीघर आठवतं आणि मुलं हसतात. पण त्या वाटेने चालताना बघा: दगडावर ओलीचे गडद पट्टे कुठे आहेत, लोणा कुठे लागला आहे, कोणत्या ठिकाणी झाड उगवलं आहे, कुठे तट ओळंब्यातून बाहेर आला आहे. प्रत्येक खुणेच्या बरोबर वर कोणतं घर, कोणतं स्वयंपाकघर, कोणतं गटार आहे ते वर जाऊन शोधा. हा नकाशा प्रत्येक गटाने काढायचा आहे. गुणांच्या हिशेबात तो हवेलीच्या एलेव्हेशनच्या, म्हणजे दर्शनी बाजूच्या मापातल्या चित्राच्या, बरोबरीचा आहे.

किल्ल्यात पावसाचं पाणी चारी दिशांनी बाहेर काढणारी जुनी व्यवस्था आहे, तिला घूटनाली म्हणतात. ती केली ती वर्षातून थोडेच दिवस पडणाऱ्या पावसासाठी. रोजच्या सांडपाण्याचा भार तिच्यावर टाकायचा असं ती बांधणाऱ्यांच्या मनातही आलं नसेल.

आधी लोक पाणी कुठून आणत?

या प्रश्नाचं उत्तर देताना माझा वेळ नेहमी संपतो, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

जैसलमेरला वर्षाला साधारण २०० मिलिमीटर किंवा त्याहून कमी पाऊस पडतो. कोकणातल्या मुलांनी हा आकडा पुन्हा वाचावा. तुमच्याकडे जुलैतल्या एखाद्या दिवसात एवढा पडून जातो. इथे तेवढ्यावर वर्ष काढायचं असतं, म्हणून पाण्याला नावंही तशी आहेत. आभाळातून पडलेलं, तळ्यात आणि टाक्यात धरलेलं ते पालर पाणी. खोल विहिरीचं ते पाताळ पाणी, बहुतेक ठिकाणी खारट. आणि तिसरं रेजाणी: वाळूत मुरलेलं, पण खाली खडियाचा, म्हणजे जिप्समचा पट्टा असल्यामुळे खारट भूजलात न मिसळता मध्येच अडकून राहिलेलं. ते बेरीतून, म्हणजे अरुंद विहिरीतून, झिरपून काढतात. बेरीचं तोंड मुद्दाम लहान ठेवतात, म्हणजे पाण्याची वाफ होत नाही.

गावाचं तळं म्हणजे गडीसर, चौदाव्या शतकात रावळ घडसीच्या काळातलं. सगळे त्यातल्या छत्र्यांचे फोटो काढतात. आपण आधी तळ्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि आगोर बघायचा. ज्या उतारावरून पाणी वाहून तळ्यात येतं तो आगोर. तिथे घाण करायची नाही, असा दंडक होता. तळं भरल्यावर जास्तीचं पाणी जिथून बाहेर जातं तो नेष्टा. आज गडीसरमध्ये इंदिरा गांधी कालव्याचं पाणी येतं, पंजाबातून वाळवंट ओलांडून आलेलं. त्यामुळे तळं भरलेलं दिसतं, पण आगोराची गरज मात्र लोकांच्या डोळ्यांपुढून गेली.

कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचं सोडून गेलेलं गाव शहरापासून १८ किलोमीटरवर आहे. तिथे भुताच्या गोष्टी सांगणारे भेटतील. त्यांना नमस्कार करून पुढे जा आणि खडीन बघा. उतारावरून येणारं पावसाचं पाणी बांध घालून सपाट जमिनीवर अडवतात. ते मुरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरतात. एवढ्याशा पावसात गहू! मला विचाराल तर पूर्ण सहलीत पाहिलेली ही सर्वांत हुशार रचना आहे, आणि तिला ना कोरीव काम आहे ना भिंती.

घरं थंड कशी राहतात? नुसती जाड भिंत म्हणून?

जाड भिंत हा अर्धा भाग. दगड तापायला वेळ घेतो. बाहेरची दुपार खोलीच्या आतल्या अंगाला पोहोचेपर्यंत संध्याकाळ उलटलेली असते. आणि तोवर घरातली माणसं तिथे नसतातच! उन्हाळ्यात दुपार तळमजल्याच्या काळोख्या खोलीत आणि रात्र गच्चीवर. थंडीत उलट, दुपारी उन्हासाठी वर आणि रात्री खाली. म्हणजे दिवसभरात खोली बदलत नाही, माणसं खोली बदलतात. शीटवर खोल्यांना ‘बेडरूम’, ‘लिव्हिंग’ अशी नावं देऊ नका. कोण, कधी, कोणत्या महिन्यात तिथे असतं ते लिहा.

दुसरा भाग सावलीचा. गल्ल्या अरुंद, घरं तीन-चार मजली आणि एकमेकांना चिकटलेली. त्यामुळे ऊन लागेल असं अंगच थोडं उरतं. रस्त्याच्या बाजूला खालची भिंत साधी असते, आणि वर जावं तसे झरोके, छज्जे आणि जाळ्या वाढत जातात, कारण ऊन वर आहे. कोरीव कामाने भिंतीवरच भिंतीची सावली पडते, आणि पृष्ठभाग वाढल्यामुळे रात्री ती लवकर निवते. कारागिराने हे मनात धरून कोरलं असं मी म्हणणार नाही. हौस आणि श्रीमंतीचं प्रदर्शन त्यात भरपूर आहे. पण परिणाम मोजता येतो.

तिसरा भाग चौक. पुण्याच्या वाड्यातला चौक डोळ्यांपुढे आणू नका. तो रुंद असतो, पागोळ्या झेलतो, त्यात तुळस असते. इथला चौक खोल आणि लहान असतो, विहिरीसारखा. त्याच्या तळाशी ऊन दुपारी थोडा वेळच पोहोचतं. रात्री गच्चीवरची गार हवा त्यात उतरून साठते.

यासाठी प्रत्येक गटाला पाच तापमापक मिळतील: गल्ली, चौक, तळखोली, वरची खोली, गच्ची. पूर्ण एक दिवस-रात्र, दर दोन तासांनी नोंद. रात्री दोन आणि चारच्या नोंदी झोपून दुसऱ्या दिवशी अंदाजाने भरलेल्या मला लगेच कळतात. आलेख फार गुळगुळीत येतो.

मोजमापासाठी सामान काय?

३० मीटरचा एक टेप, प्रत्येकी ५ मीटरचा टेप, ओळंबा, गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी, दोरी, ग्राफ पॅड, क्लिपबोर्ड आणि ‘2B’ पेन्सिली. लेझर मीटर जरूर आणा, पण त्याचा लाल ठिपका दुपारच्या उन्हात पिवळ्या दगडावर दिसत नाही. बाहेरची मापं सकाळी नऊपर्यंत उरका आणि दुपारी आत काम करा.

कोणताही कोपरा काटकोनात आहे असं धरू नका. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्या. मापं तुकड्यातुकड्यांनी न घेता एका शून्यापासून सलग घ्या, नाहीतर शेवटी हातभर चूक येते आणि ती कुठे झाली ते सापडत नाही. भिंतीची जाडी प्रत्येक मजल्यावर वेगळी मोजा, कारण वर जाताना ती कमी होते. जाळीचा एक घटक अचूक मोजा आणि उरलेले मोजून संख्या लिहा. कोरीव कामावर कागद ठेवून घासायचं नाही, खडूने खूण करायची नाही.

नथमल हवेलीचा दर्शनी भाग सममित आहे. अर्धा काढून मिरर केला तर चालेल?

नाही! १८८५ ची ही हवेली हाथी आणि लालू या दोन भावांनी घडवली. एकाने एक बाजू, दुसऱ्याने दुसरी. लांबून जुळ्यासारखी दिसणारी दर्शनी बाजू जवळ गेल्यावर दोन वेगवेगळ्या हातांची निघते. मिरर कमांड दिलीत की एक भाऊ पुसला जातो. दारापुढचे दोन दगडी हत्ती काढून सुरुवात करा आणि फरक स्वतः शोधा, मी सांगणार नाही.

पटव्यांची हवेली पण करायची आहे का?

बघायची, मोजायची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुमानचंद पटवा यांनी सुरू केलेल्या या पाच हवेल्या. दिवसभर गर्दी असते. तिच्यासमोरच्या गल्लीचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, मात्र काढा. हवेलीपेक्षा गल्ली जास्त शिकवते.

तो दगड वालुकाश्म की चुनखडक?

पर्यटनाच्या फलकांवर सरसकट पिवळा वालुकाश्म लिहिलेलं असतं. भूवैज्ञानिक मात्र जैसलमेरच्या प्रसिद्ध पिवळ्या दगडाला चुनखडक म्हणतात, ज्युरासिक काळातल्या समुद्राच्या तळाशी साचलेला. हाबूर गावाकडच्या दगडात तर शिंपल्यांचे जीवाश्म उघड दिसतात. टाकाऊ ढलपीवर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फेस येतो की नाही ते बघू, पण ते दगडाच्या कारखान्याच्या आवारात. कोणत्याही वास्तूच्या भिंतीवर नाही.

खाणीतून काढल्यावर हा दगड मऊ असतो, म्हणून लाकडासारखा कोरला जातो. जोडलाही जातो सुतारकामासारखाच: खाच, जीभ, लोखंडी पट्ट्या. किल्ल्याच्या तटात तर चुना नाही, दगडावर दगड बसवला आहे. हे काम करणारे सिलावट. त्यांतली बरीच घराणी पुढे कामासाठी कराचीला गेली आणि तिथल्या इंग्रजी काळातल्या दगडी इमारतींत त्यांचे हात लागले. आज गावात जे कारागीर भेटतील त्यांच्याजवळ तासभर नुसतं बसा. छिन्नी किती कोनात धरतात तेवढं पाहिलं तरी पुष्कळ.

लोकांच्या घरात आत कसं जायचं?

विचारून, चपला काढून आणि टेप पिशवीत ठेवून. पहिल्या भेटीत मोजायचं नाही. वडीलधाऱ्यांना ‘काकोसा’, ‘भाईसा’ म्हणायचं, ‘खम्मा घणी’ म्हटलंत की समोरचा चेहरा खुलतो. चहा दिला तर प्या. बायकांच्या बाजूच्या खोल्यांत मुलींनीच जायचं, त्यासाठी प्रत्येक गटात किमान दोन मुली आहेत. फोटो विचारल्याशिवाय नाही. कपाट, देवघर, झोपलेलं मूल यांचे तर विचारूनही नाहीत. घरात मोडतोड, ओल, नवीन सिमेंट दिसलं तर तोंड वाकडं करू नका. जुन्या घरात राहण्याचा खर्च ते भरतात, आपण नाही.

किल्ल्यातल्या जैन मंदिरांत चामड्याचा पट्टा, पाकीट, पिशवी चालत नाही. संरक्षित वास्तूंमध्ये ट्रायपॉड आणि मोजणीसाठी पुरातत्त्व खात्याच्या जोधपूर मंडळाची परवानगी लागते. अर्ज आम्ही आधीच करतो.

ड्रोन आणू का?

नको. सीमेवरचा जिल्हा आहे, हवाई दलाचा तळ आहे. घरीच ठेवून या.

वाळूच्या टेकड्या, उंट?

एक संध्याकाळ सम गावाजवळच्या टेकड्यांवर. शहरापासून सुमारे ४० किलोमीटर. त्याच बसने वाटेत कनोई गावातली राजकुमारी रत्नावती मुलींची शाळा बाहेरून बघू. डायना केलॉग यांनी आराखडा केलेली ही लंबगोल इमारत २०२१ मध्ये पुरी झाली. स्थानिक दगड, जाळीच्या भिंती, मधे मोकळं अंगण. जुन्या घरांतून काय घेतलं आणि काय सोडलं यावर बसमध्येच वाद घालू. मला ती आवडते, पण तुमचं मत वेगळं असेल तर ऐकायला आवडेल.

जेवण जमेल का? (हा प्रश्न पालकांचा.)

अगदी. बाजरीची भाकरी तिथे सोगरा होऊन भेटते. केर-सांगरी, गट्टे, दालबाटी, आणि घोटुआ लाडू. तिखट सोसतं. दिवसाला तीन लिटर पाणी, ओठांना तूप किंवा व्हॅसलीन, डोक्याला टोपी किंवा उपरणं. हवा इतकी कोरडी असते की घाम आल्याचं कळत नाही, म्हणून तहान लागायच्या आधी प्या. बाटली सोबत आणा, खोलीवर भरून घेऊ. रात्री नऊनंतर कोणीही एकटं बाहेर जाणार नाही. मुलींसोबत दोन शिक्षिका असतात.

परत आल्यावर शीट्स किती द्यायच्या?

गटामागे सहा: परिसर नकाशा, प्रत्येक मजल्याचा प्लॅन, दोन सेक्शन, गल्लीचा सेक्शन, तापमानाचा आलेख, पाण्याचा नकाशा. यांखेरीज सातवी प्रत ज्यांचं घर मोजलं त्यांच्यासाठी. ती छापून, गुंडाळून, टपालाने पाठवायची. ती गेल्याची पावती दाखवल्याशिवाय गुण मिळत नाहीत.

एका वर्षी आम्ही काढलेला प्लॅन निघण्याआधीच घरातल्या आजींना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, दारापासून बोट ठेवून चौकात आल्या, जिना चढल्या, उतरल्या आणि विचारलं, ‘‘परींडा कठै है?’’ परींडा म्हणजे पाण्याचे माठ ठेवायची दगडी जागा. चार दिवस आम्ही तिच्याशेजारून ये-जा केली होती, तिथलंच पाणी प्यायलो होतो आणि ती कुणीच मोजली नव्हती. संध्याकाळच्या गाडीआधी दोघीजणी टेप घेऊन परत गेल्या. आता घरात गेल्यावर पहिलं माप परींड्याचं घ्यायचं.